बाहेर काय?

आमच्या पोफळीच्या काकांइतकं आभाळाचं वेड असलेला माणूस उभ्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या घरच्यांची मला आत्तापासून दया येते. लोकांना सकाळी उठल्याबरोबर चहा लागतो, पेपर लागतो, कुणाला देवाचं नाव लागतं. काकांना दुसऱ्याच्या दारातलं हवामान लागतं. स्वतःच्या दारातलं त्यांना ठाऊक असतंच, त्यात काय मजा? आमचा फोनवर एक चारपाच जणांचा ग्रुप आहे. त्यावर रोज उजाडता उजाडता पहिला निरोप काकांचाच: "बाहेर काय?" सुप्रभात नाही, गुलाबाचं फूल नाही, सुविचार तर नाहीच. आणि ह्या प्रश्नाला जर कुणी "ठीक आहे" असं उत्तर दिलं, तर त्या माणसाची दिवसभर धडगत नसे. मी नवीन असताना एकदा भाबडेपणाने लिहिलं, "उकडतंय." लगेच पलीकडून सरबत्ती सुरू झाली. "उकडतात ते बटाटे. घाम कपाळावर येतोय की मानेवर? वारा आहे की पडलाय? कावळे चोच उघडी टाकून बसलेत काय?" मी रत्नागिरीत एका पतपेढीच्या काउंटरवर बसते. पुढे काच, मागे कपाट, डोक्यावर पंखा. कावळ्याच्या चोचीशी माझा संबंध येण्याचं काही कारणच नव्हतं. तरी जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून मी पायरीवर गेले आणि समोरच्या तारेवर बसलेले कावळे बघत उभी राहिले. आमचा शिपाई दोनदा येऊन विचारून गेला, "मॅडम, कोन यायचंय काय?" चोची उघड्या होत्या. तसं कळवल्यावर काकांचं उत्तर आलं, "आता बरोबर. ह्याला म्हणतात हवामान." शाळेत कधी शाबासकी मिळाल्याचं मला आठवत नाही, पण त्या दिवशी मी उरलेला डबा फार खुशीत खाल्ला.

आमची ओळख झाली ती टीव्हीमुळे. कोकणातल्या एका घरात घडते म्हणून एक मालिका तेव्हा रोज संध्याकाळी लागायची. एका भागात नायिका पडवीत उभी राहून रडत होती आणि बाहेर धो धो पाऊस कोसळत होता. मालिकेच्या पानावर खाली लोकांनी नेहमीप्रमाणे लिहिलं होतं, हिच्या साडीचा रंग छान आहे, त्या सासूला चपलेने मारलं पाहिजे, वगैरे. त्यात एकाच गृहस्थाने लिहिलं होतं: "हा पाऊस टँकरचा आहे. पागोळ्या फक्त दारासमोर पडतायत, बाजूची कौलं ठणठणीत कोरडी. आणि एवढ्या पावसात ह्यांचं मांजर अंगणात निजलंय. मांजर खोटं बोलत नाही." मी एकटीच खुदकन हसले आणि खाली लिहिलं की आमच्या रत्नागिरीत असं मांजर मिळायचं नाही. त्यावर जयगडच्या वंदनाने लिहिलं की अंगणाभोवतीचा तो चिऱ्याचा गडगासुद्धा रंगवलेला आहे, खरा असता तर पावसाळ्यात हिरवागार दिसला असता. वंदनाचा नवरा तिथल्या बंदरात नोकरीला. ती दिवसभर घरी, आणि सोबतीला एक कुत्रा, ज्याला जहाजाचा भोंगा ऐकला की रडू येतं. असे आम्ही एकेक जमत गेलो आणि काकांनी ग्रुपला नाव दिलं 'पागोळ्या'. ती मालिका पुढे आटपली, सासू सुधारली, आम्ही मात्र तसेच राहिलो. काय बोलायचो म्हणाल तर काहीच नाही. पाऊस, ऊन, वंदनाचा कुत्रा, काकांची मांजर, काल काय झालं आणि आज कुठली मालिका कंटाळवाणी झाली. माझा नवरा म्हणायचा, "एवढं काय बोलता रोज?" पण ज्या दिवशी कुणी बोलायचं नाही त्या दिवशी भाजीत मीठ विसरल्यासारखं वाटायचं, हे खरं.

काका टीव्ही बघायचे तेही त्यांच्या तऱ्हेने. पात्रांची नावं त्यांना एकदाही नीट आली नाहीत. "निळ्या पडद्याची बाई", "जिच्या खिडकीत माड आहे ती", अशी त्यांची ओळख. माणसं पुढे भांडत असली तरी ह्यांची नजर मागच्या खिडकीवर. आणि गंमत अशी, की गोष्ट पुढे कशी जाणार ते आम्हा सगळ्यांच्या आधी त्यांना कळायचं. "तो जावई लबाड आहे. म्हणतो भिजत आलो, आणि अंगणात कडक ऊन पडलंय," असं त्यांनी एकदा लिहिलं. आम्ही त्यांना हसलो, आणि पंधरवड्याने जावई खरोखरच लबाड निघाला. आता ती लबाडी लेखकाची की छायाचित्रण करणाऱ्याच्या आळसाची, हे देव जाणे. बातम्यांत हवामान सांगणाऱ्या बाईंशी तर त्यांचं जुनं वैर. ती नकाशासमोर उभी राहते, आणि कोकण पडलं अगदी कडेला, त्यामुळे नेमका रत्नागिरी जिल्हा तिच्या खांद्याआड जातो. "विदर्भ दिसला, मराठवाडा दिसला, आमच्यावर बाई उभी आहे," असं ते रोज चिडून लिहायचे. एके दिवशी बाई काही कारणाने दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या तर काकांनी आम्हा सगळ्यांना पडद्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "आज आपण दिसलो."

हे वेड आलं कुठून, ते त्यांनीच एकदा सांगितलं. पोफळीला डोंगराच्या पोटात वीजघर आहे. बोगद्यातून आत जायचं, की बाहेरचं जग संपलं. काकांनी सगळी नोकरी तिथे काढली. आत सदा सारखाच उजेड, सारखीच यंत्रांची घरघर, सारखीच हवा. वर सह्याद्रीत पाऊस कोसळून कोसळून नद्या भरतायत, आणि त्याच पाण्यावर आपण काम करतोय, पण थेंब म्हणून दिसत नाही. म्हणून नवीन पाळीचा माणूस आला की खुर्ची त्याच्या ताब्यात देण्याआधी आतल्याने विचारायचं, "बाहेर काय?" निदान काकांच्या पाळीत तरी हा रिवाज होता, आणि "बरंय" हे उत्तर तिथे चालत नसे. येणारे लोकही मग हौसेने पुरावे घेऊन यायचे. कुणी ओली छत्री पुढे करायचा, कुणी जांभळं खाल्लेली जीभ काढून दाखवायचा. एक चिपळूणचा गडी वळवाच्या गारा जेवणाच्या डब्यात भरून आणायचा. बोगदा पार होईपर्यंत त्यांचं पाणी व्हायचं. "तरी मी बोट बुडवून बघायचो गो," काका सांगत होते, "पानी थंड लागलं की समजायचं, गार होती."

त्या नोकरीतला आणखी एक नियम काकांच्या हाडीमाशी खिळला होता. आपल्या जागी येणाऱ्याला तिथे सगळे रिलीव्हर म्हणायचे, आणि रिलीव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. एका आषाढात रस्त्यावर दरड आली आणि काकांचा रिलीव्हर येईचना. ह्यांची पाळी संपली, पुढचीही संपत आली, हे आपले बसलेलेच. शेवटी तो गडी चिखलाने नखशिखांत माखून बोगद्यातून आला आणि म्हणाला, "उशीर झाला, पण आलो." काकांनी त्याला आधी पाणी दिलं नाही की चहा विचारला नाही. चिखलाचा रंग बघून दरड कुठल्या वळणावर आली ते त्याला सांगितलं, आणि मग उठले. "एवढा वेळ बसून कंटाळला नाहीत?" असं वंदनाने विचारलं तर म्हणाले, "येनार हे ठाऊक असलं, की बसायला काय वाटत नाय."

निवृत्त झाल्यावर पोफळीच्या कॉलनीतलं घर सोडलं आणि काका जयगडच्या वाटेवरच्या आपल्या मूळ गावी येऊन राहिले. काकी आधीच गेल्या होत्या, मुलगी लग्न होऊन पुण्याला. आता आभाळ उघडं होतं, हवं तेवढं बघायला मोकळीक होती, पण बाहेरून आत येऊन खबर देणारं कुणी उरलं नव्हतं. एका सकाळी ते पडवीतल्या खुर्चीवरून चहा आणायला उठले, आणि परत येऊन बघतात तर कुठलीशी करड्या रंगाची मांजर खुर्चीत बसलेली. काका म्हणाले, "आला वाटतं रिलीव्हर." तेच नाव पडलं. पुढे रिलीव्हरने भाताच्या कणगीमागे तीन पिल्लं घातली तरी नाव बदललं नाही. "पदाला बाई-बुवा नसतो," असं काकांचं म्हणणं. रोज पहाटे फिरून ती आत आली की हे दारातून विचारणार, "काय गो, बाहेर काय?" आणि ती सांगायची म्हणे. पंजे झटकले की दव पडलंय. पाठीला कुसळं असली की गावामागचा कातळाचा सडा सुकला, गवत पिकलं. शेपटीला कोळ्याचं जाळं असलं की वारा आहे, म्हणून ती वळचणीच्या कडेकडेने आली. हे सगळं काका आम्हाला साग्रसंगीत कळवायचे, आणि त्या मांजरीच्या शेपटीवरून मी रत्नागिरीत कपडे वाळत घालायचे की नाही ते ठरवायची. तुम्ही हसाल, पण कपडे कधी भिजले नाहीत.

एवढं सगळं असून मी काकांना प्रत्यक्ष कधी भेटलेच नव्हते. "या एकदा," ते म्हणायचे, "आल्याशिवाय आमचा वारा कळायचा नाय." मी म्हणायची, पाऊस संपला की येते. पाऊस संपला की म्हणायची, जरा ऊन कमी झालं की येते. जिल्हा एकच, एसटी दारातून सुटते, आणि रोज बोलणं होतंच आहे, मग घाई कसली, असं वाटायचं. रोज बोलणाऱ्या माणसाला भेटायचं राहून जातं ते असंच.

मग चैत्रात काका अंगणात चक्कर येऊन पडले. शेजारच्या काकूंनी पाहिलं म्हणून बरं. दुसऱ्याच दिवशी पुण्याहून मुलगी आली. डॉक्टरांनी सांगितलं, ह्यांनी आता एकटं राहायचं नाही. मुलगी ग्रुपवर नव्हती, पण काकांनीच तिचं बोलणं आम्हाला जसंच्या तसं कळवलं. ती म्हणाली होती, "बाबा, मी रोज फोन करून विचारायचं आणि तुम्ही रोज 'बरंय' म्हणायचं. असं किती दिवस चालायचं?" जगभरच्या लोकांचं 'बरंय' मोडीत काढणारा हा माणूस स्वतःच्या तब्येतीबद्दल मात्र तेवढाच एक शब्द बोलत आला होता. मुलीचं काही चुकलं नव्हतं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

नातवाला दम्याचा त्रास, त्यामुळे पुण्याला मांजर न्यायचा प्रश्नच नव्हता. वंदना म्हणाली, माझ्याकडे राहू दे. ती रिक्षा घेऊन काकांच्या घरी गेली, सोबत एक गोणपाटाची पिशवीही घेऊन गेली. आपल्याकडे मांजर दुसरीकडे सोडायची असली की तिला गोणत्यात घालून, तोंड झाकून नेतात, म्हणजे तिला परतीची वाट कळत नाही. एवढं साधं शास्त्र, पण काका ऐकतील तर ना. "तोंड झाकायचं नाय," ते म्हणाले. "मी सगळा जन्म बोगद्यातनं गेलो. तिला वाटेत बाहेर काय ते बघू दे." मग त्यांनी तिला टोपलीत बसवून टोपली वंदनाच्या मांडीवर दिली, आणि रिलीव्हर दोन वाड्या, एक आटलेला पऱ्या आणि तो भला मोठा कातळाचा सडा बघत बघत, ऐटीत मान वळवत जयगडला गेली. वंदना सांगत होती, "ताई, काका रिक्षामागे फाटकापर्यंत आले. मला वाटलं, मांजरीला काहीतरी बोलतील. तर मला म्हणतात, वंदना, तुझ्या पडवीला पश्चिमेचा मारा लागतो ना?"

पुण्याला गेल्यावर काकांचा पहिला निरोप आला, "पुन्हा बोगद्यात आलो गो." कितव्या तरी मजल्यावरची सदनिका. धुळीसाठी खिडक्या बंद, कबुतरांसाठी जाळी, आत थंड हवेचं यंत्र. नातू गोड आहे, जेवण वेळेवर मिळतं, औषधं मुलगी हातावर ठेवते, असंही त्यांनी लिहिलं. तक्रार कसलीच नव्हती. "बाहेर काय?" रोज येतच होतं. पण त्यांचे प्रश्न हळूहळू फार बारीक व्हायला लागले. पूर्वी त्यांना आख्ख्या जिल्ह्याचं आभाळ लागायचं, आता ते वंदनाच्या पडवीभोवती फिरायला लागले. तिथला डावा कोपरा ओला होतो काय? दुपारी ऊन पायरीवर कुठपर्यंत येतं? कुत्र्याचं पोतं जिथे आहे तिथे झड पोचते काय? मांजरीचं नाव मात्र चुकूनसुद्धा काढायचे नाहीत. वंदना शहाणी. ती लिहायची, "कुत्र्याच्या पोत्यावर आता रिलीव्हर झोपते काका, कुत्रा खाली झोपतो. झड तिथपर्यंत येत नाही." त्यावर काकांचं उत्तर, "म्हणजे पश्चिमेचा जोर नाही. ठीक." ते उत्तर वाचून मी काउंटरवर बसल्या बसल्या डोळे पुसले आणि समोरच्या खातेदाराला पंख्याची धूळ गेली म्हणून सांगितलं.

आषाढ लागला, पावसाने पिसाळल्यासारखं केलं, आणि त्यातच एका दुपारी वंदनाचा फोन आला. रडत होती. "ताई, रिलीव्हर कालपासून नाही. सगळीकडे शोधलं, बंदराच्या कंपाउंडपर्यंत जाऊन आले. काकांना काय सांगू?" त्यांना आधीच चक्कर येते, त्यात हे कसं सांगायचं, ह्यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो. शेवटी वंदनानेच तोडगा काढला. मांजर आल्या आल्या तिने पुष्कळ फोटो काढून ठेवले होते. त्यातला एक रोज टाकायचा, तोवर मांजर सापडेलच. मला तो बेत फार हुशारीचा वाटला. ज्या माणसाने टँकरचा पाऊस पडद्यावर ओळखला, त्याला फसवायला आम्ही निघालो होतो, हे त्या गडबडीत दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

वंदनाने फोटो टाकला. अंगणाच्या गडग्यावर रिलीव्हर डोळे मिटून बसलेली, अंगावर छान ऊन. खाली लिहिलं, "आज सकाळी." दोन मिनिटांत काकांचं उत्तर आलं, "मांजर छान. ऊन छान. गडग्यावरचं शेवाळ कुठाय?" मग पुढचा निरोप, "आषाढात जयगडला कोरडा गडगा मालिकेतसुद्धा कुणी दाखवणार नाही. खरं सांगा. बाहेर काय?"

वंदनाने खरं सांगून टाकलं. मला वाटलं, आता हा माणूस आपल्याशी कधी बोलायचा नाही. आणि मग त्यांनी विचारलं, "रिक्षातून नेताना तिचं तोंड झाकलं नव्हतं ना?" वंदनाने लिहिलं, "तुम्हीच नको म्हणालात काका." "मग घरी जाईल. वाट बघितलेली आहे तिने. पण भरपावसात सडा ओलांडायची नाही, कुठे तरी वळचणीला बसली असेल. उघडीप पडली की कुणीतरी माझ्या घरी जाऊन बघा." त्यानंतर ते दिवसात किती वेळा विचारायचे ह्याला गणती नाही. उघडलं काय? जरा तरी उघडलं काय? पश्चिमेला फट दिसते काय? आणि मी, जिने पूर्वी कधी मान वर करून आभाळाकडे बघितलं नव्हतं, ती चालू काउंटर सोडून पायरीवर जाऊन फट शोधायला लागले. शिपाई आता काही विचारत नसे. तोही शेजारी येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "आज काय उघडायचा नाय, मॅडम."

उघडलं ते एका शनिवारी सकाळी. रविवारी पहिल्या एसटीने मी काकांच्या गावी गेले. घर विचारायला लागलं नाही. दारातलं जांभळीचं झाड, पागोळ्यांनी अंगणात खणलेली रेघ, खालची फुटकी पायरी, सगळं मला तोंडपाठ होतं. इतक्या वर्षांनी मी काकांच्या घरी आले होते, आणि दाराला कुलूप होतं. पडवीत ती लाकडी हातांची खुर्ची होती आणि खुर्चीत रिलीव्हर बसली होती. वाळली होती, एका कानाला ओरखडा होता, पण बसली होती जागेवर. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "काल सांजधरनं हितंच हाय बग. दूध ठेवलंय तर पितंय, पन पिऊन झालं की परत खुर्चीत. हाकललं तरी हालत नाय. कुनाची वाट बगतंय तेच जानं."

मी काकांना व्हिडिओ कॉल लावला. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा असा हलता-बोलता बघत होते. मागे बंद खिडकी, अंगात स्वेटर. मी फोन खुर्चीकडे वळवला. काकांनी घसा खाकरला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "काय गो, बाहेर काय?"

रिलीव्हरचे कान उभे राहिले. ती खुर्चीतून खाली उतरली. मला वाटलं, फोनपाशी येईल. तिने फोनकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरळ कुलूप लावलेल्या दाराशी गेली आणि दाराकडे तोंड करून बसली. तो आवाज तिने कायम त्या दारातूनच ऐकला होता. मला फोन बाजूला घ्यावासा वाटला, पण काकांनी पाहिलं होतं.

ते म्हणाले, "कुलूप गंजलं काय गो?" मी म्हटलं, "थोडं." "पंजे ओले हायत तिचे?" मी वाकून बघितलं. "कोरडे आहेत काका." "म्हंजे काल दुपारी सडा सुकला तेव्हा निघाली. शानी हाय." फोन मुलीने घेतला. ती म्हणाली, "ताई, बाबा मला एवढंच सांगायचे की जयगडला पाऊस फार आहे. मला काय माहीत त्याचा अर्थ काय ते." आणि मग म्हणाली, "डॉक्टर हो म्हणाले की मी स्वतः घेऊन येते त्यांना."

डॉक्टर अजून हो म्हणालेले नाहीत. रिलीव्हरला पुन्हा जयगडला न्यायचा विचार वंदनाने सोडून दिला. दूध-भात शेजारच्या काकू घालतात, वंदना अधूनमधून सुके बोंबील पाठवते, आणि जमेल त्या रविवारी मी जाते. जाऊन करायचं काही नसतं. पडवीच्या कठड्यावर बसते, खुर्ची तर मोकळी नसतेच. काकांना कळवते, वारा कुठला, सड्यावर फुलं कुठली आलीत, पंजे ओले की कोरडे. मला हा माणूस फार हवासा वाटतो त्या पडवीत. त्याच्या नसण्याची सवय करून घ्यायला मी तयार नाही, आणि ती मांजर तर मुळीच नाही.

परवा मात्र मला एकदम जाणवलं, की इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना उलट कुणी विचारलाच नाही. मी पडवीतूनच लिहिलं, "काका, तुमच्याकडे बाहेर काय?" बराच वेळ ते काहीतरी लिहितायत एवढंच दिसत होतं. मग आलं, "थांब, खिडकी उघडायला लावतो." आणि पुन्हा थोड्या वेळाने, "जाळी आहे, पण दिसतं. समोरच्या गच्चीवर एक बाई घाईघाईने कपडे काढतेय. कबुतरं कठड्याच्या आत सरकून बसलीत. वारा पश्चिमेचा, तुमच्याकडूनच येतोय. थोड्या वेळात पडेल." मी लिहिलं, "आता बरोबर. ह्याला म्हणतात हवामान." त्यावर त्यांनी हसण्याचं चित्र टाकलं. असली चित्रं ते कधी टाकत नसत.

मी एसटीसाठी निघाले तेव्हा त्यांचा आणखी एक निरोप आला. "खुर्चीत आहे ना अजून? तिला सांग, उशीर झालाय, पण येतोय."

मी फाटकातून मागे फिरले, खुर्चीजवळ वाकले आणि तिला ते जसंच्या तसं सांगितलं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, पंजे पोटाखाली घेतले आणि नीट बसली.